मुजावर मॅडम आणि विसरलेली कुलपं

मुजावर मॅडमना कोणी विचारलं, "मॅडम, सर्व्हर चालू आहे ना?" तर त्या कधीच हो म्हणायच्या नाहीत. चष्मा कपाळावरून नाकावर आणायच्या आणि म्हणायच्या, "मघाशी होता." मग बसल्या जागी तपासायच्या आणि सांगायच्या, "आत्ता आहे. पुढचं मला माहीत नाही."

आधी मला वाटलं, ही सरकारी नोकरीतली सावधगिरी असेल. पण त्यांचं घरीही तसंच होतं. फोनवर कोणी त्यांच्या यजमानांची चौकशी केली, तर त्या स्वयंपाकघरातून सांगायच्या, "मघाशी होते." ते बिचारे तिथेच बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे. पेपरामागून ते म्हणायचे, "आहे गं मी, शमीम." त्यावर त्या फोनमध्ये म्हणायच्या, "हां, आहेत. आत्ताच कळलं."

'मघाशी' हा शब्द मला त्यांच्यामुळेच कळला. मी दिल्लीत वाढले. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला क्वार्टर, घरात मराठी आणि दार उघडलं की हिंदी. आमच्या मराठीतून एकेक शब्द कधी गळून गेला ते आम्हाला समजलंही नाही. मघाशीच्या जागी आम्ही 'अभी थोड्या वेळापूर्वी' म्हणायचो. पहिल्या दिवशी मॅडमसमोर मी तेच म्हणाले, तेव्हा त्यांनी मला खाली बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कुठली गं तू?"

"दिल्लीचीच, मॅडम. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे."

"तिकडचे लोक असं बोलतात? वडिलांना माहीत आहे का हे?"

केंद्र सरकारच्या एका खात्याच्या संगणक केंद्रात मी कंत्राटावर लागले होते, आणि मॅडम तिथल्या सर्वांत जुन्या इंजिनीअर होत्या. उंचीने ठेंगण्या, अंगावर सुती साडी आणि तिच्यावर यजमानांचा राखाडी स्वेटर. सर्व्हरच्या खोलीत बारा महिने थंडी, त्यामुळे मे महिन्यातही त्या स्वेटर हातावर टाकून मेट्रोने यायच्या. बाहेर लूचा गरम वारा चालू असायचा आणि डब्यातले लोक त्यांच्याकडे काळजीने बघायचे. एकदा एका मुलाने उठून त्यांना जागा दिली आणि विचारलं, "आंटी, बुखार है क्या?" त्या म्हणाल्या, "नहीं बेटा, ड्यूटी है," आणि बसल्या.

त्यांची हिंदी हा ऑफिसच्या करमणुकीचा विषय होता. मिरजेच्या मोहल्ल्यातली ती हिंदी तीस वर्षं दिल्लीत राहूनही जशीच्या तशी होती. 'मेरेकू', 'तुमकू', 'कायकू' ऐकून नवीन माणूस हमखास विचारायचा, "मॅडम, आप हैदराबाद से हैं?" त्या म्हणायच्या, "मिरज." तो विचारायचा, "वो कहाँ है?" त्या म्हणायच्या, "जंक्शन है," आणि विषय संपायचा.

माझ्याकडे त्यांच्या हाताखालचं काम आलं. आमचे सर्व्हर चार होते, पण माहिती साठवायची जागा चौघांत मिळून एकच. खात्याच्या शिष्यवृत्त्यांचे देशभरातले अर्ज तिथे यायचे. आठवडाभर मी नुसतीच मान डोलावत होते. शेवटी मॅडमनी एका दुपारी डबा उघडता उघडता मला विचारलं, "कळलंय का काही?"

"हो मॅडम. फाइलीवर ताला लागतो."

"ताला हिंदीत. आपल्याकडं कुलूप. कशाला लागतं?"

मला सांगता येईना. मग त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले, एक मला दिला आणि समजावून सांगितलं. दोन सर्व्हरनी एकाच वेळी एकाच फाइलीत लिहिलं, तर दोघांच्या मजकुराची खिचडी होते. म्हणून लिहिण्याआधी प्रत्येकाने त्या फाइलीचं कुलूप मागून घ्यायचं, लिहून झालं की परत द्यायचं. कोणाकडे कोणतं कुलूप गेलंय, हे लक्षात ठेवायचं काम चौघांपैकी एकाकडे असतं. त्याला त्या कारभारी म्हणायच्या.

"आणि कारभारीच बंद पडला तर?" मी विचारलं.

"तर त्याच्या डोक्यातलं सगळं गेलं. दुसरा एक कारभारी होतो, पण कोणाकडे काय होतं ते त्याला ठाऊक नसतं. मग तू काय करशील?"

"सगळी कुलपं उघडी धरून पुन्हा सुरू करीन."

त्यांनी घास खाली ठेवला. "म्हणजे एक जण अर्धं लिहून बसलाय आणि तू दुसऱ्याला त्याच पानावर लिहायला बसवणार. दोघांनाही वाटणार आपलंच खरं. असं करायचं नाही. आधी सगळ्यांना थांबवायचं. नवीन कुलूप कोणालाच द्यायचं नाही. मग विचारायचं, बाबांनो, तुमच्याकडं आधीचं काय काय होतं ते सांगा. थोडा वेळ द्यायचा. सगळ्यांचं सांगून झालं की मग चालू."

"एखादा बोललाच नाही तर?"

"त्याची वीज काढायची."

"पण मॅडम, तो बंदच पडला असेल तर वीज कशाला काढायची?"

"मेलेल्याचा त्रास नसतो गं," त्या भाकरी मोडत म्हणाल्या. "झोपलेला उठतो. उठल्यावर त्याला वाटतं कुलूप अजून आपल्याचकडं आहे, आणि तो खुशाल लिहायला लागतो."

हे सगळं त्या इतक्या शांतपणे सांगत होत्या की वाटावं, लोणचं कसं घालायचं ते सांगतायत.

आमचे संचालक खुराना सर. माणूस दिलदार, पण घाईचा. कोणतीही अडचण घेऊन गेलं की ते म्हणायचे, "बंद करके चालू कर दो, यार." त्यांच्या केबिनमध्ये काचेची मोठी मासेपेटी होती आणि तिच्यातल्या सोनेरी माशांवर त्यांचा फार जीव. केबिन सर्व्हरच्या खोलीला लागूनच होती.

दर काही महिन्यांनी मॅडम चाचणी घ्यायच्या. एखादा सर्व्हर गप्प झालाय असं मुद्दाम दाखवायचं आणि बाकीचे त्याची वीज बरोबर तोडतात का ते पाहायचं. हे काम आपोआप व्हायचं; वीजपट्टीला हुकूम गेला की त्या त्या सॉकेटची वीज जायची. माझ्या पहिल्याच चाचणीत आम्ही दोन नंबरच्या सर्व्हरची वीज तोडायला सांगितली. पडद्यावर उत्तर आलं, वीज तोडली. मी टाळी वाजवणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांब, बघून येते." त्या उठून आत गेल्या. दोन नंबरचे हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते.

तेवढ्यात पलीकडून खुराना सर धावत आले. "मॅडम, मेरी मछलियाँ."

झालं होतं असं, की सरांच्या माशांना वीज गेल्यावर हवा मिळत नाही म्हणून कोणा कंत्राटदाराने भिंतीला भोक पाडून मासेपेटीची वायर आमच्या बॅटरीच्या आधारावर चालणाऱ्या वीजपट्टीत आणून लावली होती. ती लावताना त्याने दोन नंबरच्या सर्व्हरची वायर शेजारच्या सॉकेटात सरकवली होती आणि सॉकेटवरची नंबराची चिठ्ठी मात्र जुनीच ठेवली होती.

मॅडम सरांना रागावल्या नाहीत. त्यांनी आधी मासेपेटी दुसरीकडे लावून दिली आणि पंप पुन्हा बुडबुडे सोडायला लागेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "सर, सोचो. हम समझते सर्व्हर बंद हुआ. और बंद हुई तुम्हारी मछली. फिर वो सर्व्हर उठके लिखता, पूरे देश का फॉर्म खराब करता."

सर म्हणाले, "मछली तो ठीक है ना?"

"मघाशी होती," मॅडम माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या.

त्या शनिवारी त्या मला करोल बागेत घेऊन गेल्या. कागदी चिठ्ठ्यांवर त्यांचा विश्वास उडाला होता. लग्नाच्या साड्यांना लावायची चमकदार लेस विकणाऱ्या दुकानात त्या अर्धा तास उभ्या होत्या. दुकानदार विचारत होता, "लहंगे के लिए चाहिए या दुपट्टे के लिए?" मॅडम म्हणाल्या, "तार के लिए." त्याने ऐकलं 'नार के लिए' आणि वरच्या फळीवरचा भारी माल काढला. शेवटी एकेका सर्व्हरला एकेक रंग मिळाला: लाल, पिवळा, जांभळा आणि पोपटी. मॅडमनी स्वतः वाकून प्रत्येक सर्व्हरच्या मागच्या दोन्ही वायरी तपासल्या आणि दोन्ही टोकांना त्या त्या रंगाच्या जरीच्या गाठी मारल्या. पुढे कधी मंत्रालयाचे लोक पाहणीला आले की विचारायचे, इथे कोणाचं लग्न होतं का?

त्यांचा हा स्वभाव ऑफिसपुरता नव्हता, हे मला अभ्यासिकेच्या प्रकरणात कळलं.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाने करोल बागेजवळ एका मोठ्या खोलीत अभ्यासिका चालवली होती. गावाकडून यूपीएससीच्या तयारीला आलेली मुलंमुली तिथे बसायची. कोणाचं टेबल कोणतं, हे मंडळाचे काळे काका ठरवायचे, आणि त्यांनी ते फक्त डोक्यात ठेवलेलं होतं. एकदा काकांचं ऑपरेशन झालं. पुढचे दोन आठवडे ते औषधांच्या गुंगीत होते. मुलं फोन करून विचारायची, "काका, खिडकीजवळचं टेबल माझंच ना?" काका मायेने म्हणायचे, "हो बाळ, तुझंच." असं त्यांनी पाच-सहा जणांना सांगितलं. अभ्यासिकेत भांडणं सुरू झाली. दोन जण तर एकाच टेबलावर समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत राज्यशास्त्र वाचत होते.

मंडळाच्या लोकांनी मॅडमना बोलावलं. बरोबर मीही गेले. त्या आत गेल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "सगळे बाहेर या."

"मॅडम, परीक्षा जवळ आलीय," एक मुलगी म्हणाली.

"म्हणूनच लवकर या."

सगळे बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. मॅडमनी सांगितलं, रविवारपर्यंत नवीन माणसाला टेबल मिळणार नाही. ज्यांना काका आजारी पडण्याआधी टेबल मिळालं होतं, त्यांनी एकेकाने आत यावं आणि आपलं टेबल दाखवावं. दोघांनी एकच दाखवलं तर शेजारच्याला विचारायचं. "आणि काका गुंगीत काय म्हणाले ते मला सांगायचं नाही. गुंगीत ते मलाही टेबल देतील."

संध्याकाळपर्यंत सगळं मार्गी लागलं. राहिलं फक्त एक, तेच खिडकीजवळचं. त्याच्यावर पुस्तकांचा ढीग, एक उशी आणि अर्ध्या चिवड्याची पिशवी होती, पण मालक नव्हता. त्याचा फोन बंद, खोलीवरही कोणी नाही. शेजारची मुलं म्हणाली, सोमनाथ नावाचा मुलगा आहे, बहुतेक सोडून गेला. मॅडमनी रविवार संपेपर्यंत वाट बघितली. मग त्याचं सगळं सामान स्वतः बांधून घरी नेलं, दारावरच्या रखवालदाराला सांगितलं की या नावाचा मुलगा आला तर आधी मला फोन, आणि टेबल एका मुलीला दिलं.

मंडळाचे लोक म्हणाले, "मॅडम, तो आता येत नाही."

"येईल," त्या म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात तो आला. डेंग्यूने गाझियाबादच्या एका हॉस्पिटलात पडून होता, फोन चोरीला गेला होता. रखवालदाराने त्याला दारातच थांबवलं. मॅडम ऑफिसातून रिक्षा करून पोहोचल्या. तो मुलगा पायरीवर बसला होता, हाडांचा सापळा झालेला, आणि एकच वाक्य म्हणत होता, "माझी जागा आहे हो ती."

"होती," मॅडम म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी पायरीवरच बसल्या. "आता तिथं दुसरी बसलीय. तिचं काही चुकलं नाही. तुझंही काही चुकलं नाही. चल माझ्याबरोबर."

तो त्यांच्या क्वार्टरमधल्या जेवणाच्या टेबलावर बसून अभ्यास करायला लागला. ते टेबल त्यांनी त्याला परीक्षेपर्यंत देऊन टाकलं, म्हणजे खरंच देऊन टाकलं. त्यांचे यजमान, मुजावर काका, तेवढे महिने जमिनीवर बसून जेवले. मी एकदा गेले तर काका ताट मांडीवर घेऊन भिंतीला टेकलेले, आणि सोमनाथ टेबलावर भूगोल पसरून बसलेला. मी काकांना म्हटलं, "थोडी जागा मागा ना त्याच्याकडे." काका हळूच म्हणाले, "मागितली होती. तिनं विचारलं, तुमच्या नावावर आहे का?"

सोमनाथची पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षा राहिली. आता तो लातूरला शिकवण्या घेतो आणि मुजावर काकांना अजून 'सर' म्हणतो.

पण मॅडम म्हटलं की मला आठवतो तो शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस.

अर्ज भरायला शेवटच्या दिवसापर्यंत थांबायची आपल्या देशाची पद्धत आहे, त्यामुळे सकाळपासून सर्व्हरना धाप लागली होती. ऐन दुपारी कारभारी सर्व्हर बंद पडला. दुसऱ्याने कारभार घेतला, सगळ्यांना थांबवलं आणि विचारायला सुरुवात केली, कोणाकडे काय होतं. देशभर मुलांच्या पडद्यांवर चक्र फिरायला लागलं. एकाचं उत्तर आलं, पण चार नंबर, पोपटी गाठींचा, बोलेना. त्याची वीज तोडायचा हुकूम गेला, तर वीजपट्टीच उत्तर देईना. सगळं तिथेच अडलं.

खुराना सर आमच्या मागे येऊन उभे राहिले. मंत्रालयातून त्यांना फोनवर फोन येत होते. पडद्यावर एक प्रश्न दिसत होता: चार नंबर बंद असल्याची तुम्ही स्वतः खात्री केली आहे का? हो किंवा नाही लिहा. कीबोर्ड माझ्या समोर होता.

"यस लिख दो," सर म्हणाले.

मी मॅडमकडे बघितलं.

"बेटा, लिख दो यार. पूरा देश रुका हुआ है."

"अनघा, हात काढ," मॅडम म्हणाल्या. त्या उठल्या, आत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या सर्व्हरच्या मागे गुडघ्यांवर बसल्या, पोपटी गाठींच्या दोन्ही वायरी शोधल्या, आणि हात वायरीवर ठेवून जरा थांबल्या. चार नंबरचे दिवे अजून जळत होते.

"मॅडम, याच्या पोटात काही लिहायचं राहिलेलं असेल तर?" मी विचारलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "ते जाईल." आणि त्यांनी दोन्ही वायरी उपसल्या.

बाहेर येऊन त्यांनी स्वतः 'हो' लिहिलं. थोड्या वेळात उरलेल्या दोन सर्व्हरवर सगळं पुन्हा सुरू झालं. सरांनी टेबलावर हात आपटला, "शाबाश." मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, पण त्यांचा चेहरा शाबाशीचा नव्हता. त्या तपासत होत्या. चार नंबरकडे आलेल्या शेवटच्या अर्जांना पडद्यावर 'अर्ज मिळाला' असं उत्तर गेलं होतं, पण ते अर्ज साठवणीत पोचलेच नव्हते. दोनशेच्या आसपास मुलं अर्ज भरल्याच्या आनंदात घरी बसली होती आणि आमच्याकडे त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

खुराना सरांचा चेहरा उतरला. "मॅडम, वायर नहीं निकालती तो बच जाते?"

"शायद," मॅडम म्हणाल्या. "या फिर सबका जाता. मेरेकू नहीं मालूम, सर." आणि खरंच ते कोणालाच कधी कळलं नाही. कंपनीचे इंजिनीअर येऊन बघून गेले, तेही दोन्ही बाजूंनी बोलले. मॅडमनी कधीही म्हटलं नाही की माझंच बरोबर होतं. अहवालात त्यांनी लिहिलं, 'वीज मी काढली', आणि खाली सही केली.

पण त्या क्षणी त्यांना अहवालाची घाई नव्हती. अर्ज भरणाऱ्यांना जो मेसेज जातो, त्यामुळे त्यांचे फोन नंबर वेगळ्या मशीनवर राहिले होते. मॅडम सरांना म्हणाल्या, "उद्यापर्यंत मुदत वाढवा आणि मला तीन फोन द्या." हे त्या घाईत मराठीतच बोलल्या, आणि कधी नव्हे ते सरांना बरोबर समजलं. त्यांनी मंत्रालयात फोन लावला, पहिल्यांदाच कोणाशीतरी चढ्या आवाजात बोलले आणि एक दिवस मिळवला.

मग आम्ही तिघं फोन करायला बसलो, आणि आमच्या लक्षात आलं की आपण नेमकं तेच वाक्य बोलतोय, जे देशातले सगळे ठग बोलतात. "मैं सरकारी ऑफिस से बोल रही हूँ, आपका फॉर्म दोबारा भरना पड़ेगा." पहिल्या मुलाने मला ओटीपी देणार नाही असं सांगून फोन ठेवला. दुसऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दीदी, पढ़ी-लिखी लगती हो, कोई अच्छा काम करो." सर्वांत वाईट अवस्था खुराना सरांची झाली. त्यांना एका मुलीने सांगितलं, "अंकल, इस उमर में तो भगवान का नाम लो." सर फोन खाली ठेवून बराच वेळ माशांकडे बघत बसले.

मॅडमनी उपाय काढला. मुलांना सांगायचं, आमच्यावर विश्वास ठेवू नका. वेबसाइटवर हेल्पलाइनचा नंबर आहे, तुम्हीच तिथे फोन करा. आता प्रश्न आला की ती हेल्पलाइन वाजते कुठे. कोणालाच माहीत नव्हतं. मी स्वतः तो नंबर फिरवला आणि आम्ही कान देऊन ऑफिसभर हिंडलो. झेरॉक्सच्या खोलीतल्या कपाटात, खिडक्यांच्या जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्याखाली तो वाजत होता.

मॅडम तिथेच स्टूल टाकून बसल्या. पहिला फोन आला. त्यांनी उचलला, "हॅलो, हेल्पलाइन." पलीकडून एक घाबरलेला आवाज, "आपने... उठा लिया?"

"हाँ बेटा. बोलो."

त्याने फोन ठेवून दिला. सरकारी हेल्पलाइन पहिल्या घंटेला उचलली जाते, म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे, असा त्याचा समज झाला. मग मॅडमनी युक्ती केली. फोन पुष्कळ वेळ वाजू द्यायचा, उचलल्यावर वैतागलेल्या आवाजात "क्या है" म्हणायचं. लगेच मुलांचा विश्वास बसला. संध्याकाळपर्यंत त्या अशाच खेकसत होत्या आणि भराभर अर्ज परत येत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच मुलगी राहिली. नंदुरबार जिल्ह्यातली, नर्सिंगची. तिचा फोन लागायचा, पण कोणी उचलायचं नाही. सर म्हणाले, "मॅडम, एक ही तो है. छोड़ दो."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या फोन लावत राहिल्या. शेवटी एका माणसाने उचलला. तो तिचा बाप होता, टेम्पो चालवत होता आणि फोन त्याच्याकडेच असायचा. मॅडमनी सगळं मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "पोरीनं तर सांगितलं, भरला."

"भरला होता दादा. तिची काही चूक नाही. आमच्याकडनं गेला."

पलीकडून टेम्पोचं इंजिन ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "सरकारी माणूस असं म्हणत नसतो. कोण बोलतंय खरं सांगा."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाल्या, "शमीम मुजावर बोलतेय. मिरजेची. मीच वायर काढली."

काय झालं कोणास ठाऊक, पण त्या माणसाला ते पटलं. त्याने टेम्पो वळवला, कॉलेजात गेला, मुलीला वर्गातून बाहेर काढलं. चारच्या सुमारास तिचा अर्ज आला. मॅडमनी तो साठवणीत पोचलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, डोळे मिटले, आणि खुर्चीतच झोपून गेल्या. खुराना सर दबकत आले, आपली शाल त्यांच्या अंगावर टाकली आणि मला खुणेने म्हणाले, आवाज करू नकोस.

त्या निवृत्त झाल्या, तेव्हा मोठा समारंभ झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते त्यानंतरचं. काही महिन्यांनी आमचं सगळं काम दुसरीकडच्या मोठ्या केंद्रात गेलं आणि जुने चार सर्व्हर कायमचे बंद करायचे ठरले. मी मॅडमना फोन केला. मिरजेला जायची त्यांची बांधाबांध चालू होती. तरी आल्या.

एकेक सर्व्हर बंद होत गेला. शेवटचा त्यांनी बंद केला. पंख्यांचा आवाज उतरत उतरत गेला आणि मग थांबला. त्या खोलीत मी इतकी वर्षं काम केलं होतं, पण शांतता कधी ऐकली नव्हती. तिथे बोलायचं म्हणजे घरघरीच्या वर आवाज चढवायचा, ही आमची सवयच झाली होती. मी नेहमीसारखं ओरडून म्हटलं, "मॅडम, चहा घेऊ या ना?" आणि माझाच आवाज भिंतींवरून परत आला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "किती ओरडत होतो गं आपण."

त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. बारीक, जरासा गाण्यातला वाटावा असा. चहा घेताना आम्ही दोघी तशाच हळू बोललो. काय बोललो ते फारसं आठवत नाही.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्या ई-रिक्षात बसल्या, आधीच तीन माणसं होती त्यांच्यात दाटीवाटीने. रिक्षा थोडी पुढे गेली तेव्हा त्यांनी बाहेर डोकं काढून मला काहीतरी सांगितलं. रस्त्याच्या आवाजात ते कळलं नाही.

"ऐकू आलं नाही, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, शेजारचे प्रवासी वैतागले, चालक काहीतरी पुटपुटला. मी पळत गेले.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "ऊन आहे. आत जा, एवढंच म्हटलं."